डबल ड्युटी वहीत लिहिलीस का?

तू विचारलंयस ते थोडक्यात असं. वय २९, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मेडिसिन वॉर्डला अधिपरिचारिका, नोकरीचं सहावं वर्ष. महिन्यातून पाच-सहा वेळा मॉर्निंग संपते, पण रिलिव्हर येत नाही, मग इव्हिनिंगही तूच करतेस. नाईटला ५० च्या वर पेशंट आणि तू एकटी, सोबत फार तर एक शिकाऊ मुलगी. घरी गेल्यावर मुलाशी बोलावंसं वाटत नाही. नातेवाईकांवर खेकसतेस. आणि मागच्या आठवड्यात एक आजोबा गेले तेव्हा आत काहीच हललं नाही, त्याचीच तुला भीती वाटली. मैत्रीण म्हणते ध्यान कर, नवरा म्हणतो नोकरी सोड. तू विचारतेस, मी बर्नआउट झालेय का आणि सोडून देऊ का?

तुला तू म्हणते, रागावू नकोस. १९८६ पासून २०२१ पर्यंत अशाच मुलींबरोबर काम केलं. आधी अधिपरिचारिका, मग परिसेविका म्हणजे वॉर्डाची इन्चार्ज, शेवटची चार वर्षं अधिसेविका म्हणजे मेट्रन. जीभ आता वळणार नाही.

ध्यानाचं नंतर बघू. आधी एक सांग, त्या पाच-सहा डबल ड्युट्या वॉर्डाच्या रिपोर्ट बुकात लिहिल्या आहेत का? बहुतेक नसतील. कारण मीही कधी लिहिल्या नव्हत्या, आणि पुढे इन्चार्ज झाल्यावर कुणाला लिहूही दिल्या नव्हत्या. या सगळ्याची गाठ तिथेच आहे, पण तिकडे जायच्या आधी तुझ्या भीतीबद्दल बोलते.

आजोबा गेले आणि काही वाटलं नाही. माझं असंच एक वर्ष गेलं, नोकरीच्या बाराव्या की तेराव्या वर्षी. फीमेल मेडिकलला होते. पेशंटची नावं लक्षात राहीनाशी झाली. "सात नंबरला लावलं का?", "सोळा नंबर गेली." एका रात्री एक बाई गेली आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो चादरीचा, की आता लिनन मोजायचं, बॉडीचे कागद करायचे आणि सकाळच्या ओव्हरला, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंट सोपवायला, उशीर होणार. तिची मुलगी बाहेर हंबरडा फोडत होती आणि मी वॉर्डाच्या मावशींना सांगत होते की तिला जरा लांब न्या, इतर पेशंट उठतात. मावशींनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती नजर अजून आठवते.

त्या वेळी याला नाव आहे हे मला माहीत नव्हतं. हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञानं १९७४ मध्ये 'बर्नआउट' हा शब्द वापरला. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी तो मोजायची प्रश्नावली तयार केली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या वर्गीकरणात त्याची नोंद घेतली, पण आजार म्हणून नाही. कामाशी निगडित अवस्था म्हणून. त्यांनी तीन खुणा सांगितल्यात: अंगातली ताकद संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन दूर जाणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. तुझ्या पत्रात पहिल्या दोन स्पष्ट दिसतात. तिसरी अजून पुरती आलेली नाही, कारण तुला भीती वाटली. ज्यांना तीही वाटत नाही अशा मी पाहिल्यात.

थकवा, बर्नआउट आणि डिप्रेशन यांत फरक करायची माझी एक गावठी पद्धत आहे. ती निदान म्हणून धरू नकोस, नुसती चाचपणी. सलग तीन दिवस सुट्टी मिळाली, भरपूर झोपलीस आणि चौथ्या दिवशी बरी झालीस, तर तो थकवा. सुट्टीत घरी हसतेस, मुलाबरोबर रमतेस, पण ड्युटीच्या आदल्या रात्री छातीत दगड बसतो, तर कामानं जाळलंय. आणि सुट्टीतही, आवडीच्या माणसांतही, आवडीच्या जेवणातही चव नाही, पहाटे जाग येऊन रडू येतं, जगून काय करायचं असं मनात येतं, तर ते वॉर्डापुरतं राहिलेलं नाही. मग माझं उत्तर वाचत बसू नकोस, मानसोपचार विभागात जा. आपल्याच रुग्णालयात जायला लाज वाटते, सगळे ओळखतात, हे मला कळतं. तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर लाव. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तू मुलाशी बोलावंसं वाटत नाही असं लिहिलंयस, म्हणून हे पुढच्या पानावर न ढकलता इथेच सांगितलं.

आता हिशेब. मन, ताण, सहनशक्ती या सगळ्याच्या आधी हा हिशेब आहे, आणि तो आपल्याला नर्सिंगच्या वर्गात शिकवला होता. नोकरी लागल्यावर आपण विसरलो.

वॉर्डातली एक खुर्ची धर. सकाळ, दुपार, रात्र, वर्षाचे ३६५ दिवस त्या खुर्चीत एक सिस्टर हवी. एका सिस्टरचे वर्षाला कामाचे दिवस किती? ५२ साप्ताहिक सुट्ट्या वजा कर. ८ किरकोळ रजा, ३० अर्जित रजा, वीसेक सणासुदीच्या. उरतात २५५ च्या आसपास. नाईट ऑफ, आजारपण, बाळंतपण मी यात धरलेलंच नाही. ३६५ ला २५५ ने भाग, एका पाळीला जवळजवळ दीड माणूस लागतं. तीन पाळ्यांना सव्वाचार. म्हणजे एक खुर्ची भरलेली ठेवायला सव्वाचार बायका लागतात! हे काही मी शोधून काढलेलं नाही. केंद्राच्या स्टाफ इन्स्पेक्शन युनिटनं नर्सिंगच्या पदांचे जे निकष ठरवले, त्यात वर्षभराच्या कामासाठी ४५ टक्के पदं जास्तीची धरली आहेत ती याच कारणानं. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अध्यापन रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात तीन खाटांमागे एक परिचारिका, म्हणजे प्रत्येक पाळीत नऊ खाटांना एक, आणि वर ३० टक्के रजा राखीव. तुझ्या वॉर्डाच्या ३६ खाटा असतील तर १२ आणि वर चार, अशा १६ मुली हव्यात. किती आहेत? आठ? नऊ? आणि जमिनीवर गाद्या टाकून ठेवलेले पेशंट कुठल्याच निकषात नाहीत.

तेव्हा तुझी डबल ड्युटी कुणाच्या आजारपणामुळे अचानक आलेली नाही. वर्षाच्या सुरुवातीलाच ती ठरलेली असते, फक्त कुणाच्या वाट्याला येणार ते ठरायचं असतं. आणि ते कोण ठरवतं? माझ्यासारखी इन्चार्ज.

इथे माझी कबुली. सहा वर्षं मी वॉर्डाची ड्युटी लिस्ट केली. पेन्सिलनं करायची, खोडरबर जवळ. दुपारी दीडला मेट्रन ऑफिसमधून फोन यायचा की तुमची इव्हिनिंगची मुलगी आयसीयूला पाठवा. मग मी कुणाकडे वळायचे? जी तोंड वाकडं करत नाही तिच्याकडे. जिचं लग्न झालेलं नाही, जी हॉस्टेलला राहते, जी "बरं सिस्टर" म्हणते. जी एकदा ठामपणे नाही म्हणाली तिला मी परत विचारलंच नाही, तिच्याशी वाद घालण्यापेक्षा हे सोपं होतं. त्या "बरं सिस्टर" म्हणणाऱ्या मुलींपैकी एकीनं चौथ्या वर्षी राजीनामा दिला आणि परदेशी गेली. जाताना पाया पडली माझ्या. मी तिचं कौतुक केलं, की किती गुणी मुलगी. खरं तर तिला मीच संपवलं होतं आणि वर त्याला गुण म्हणत होते.

यापेक्षा वाईट चूक अशी की तिच्या त्या जास्तीच्या पाळ्या कुठेही लिहिल्या नाहीत. मस्टरवर सगळं भरलेलं. कुणीतरी 'बदली' म्हणून सही करायची, पुढच्या महिन्यात एक सी-ऑफ, म्हणजे जास्तीच्या पाळीची भरपाई सुट्टी, तोंडी द्यायचा, तोही बुडायचा. मी अधिसेविका झाल्यावर पदनिर्मितीचा प्रस्ताव करायला बसले, तेव्हा वरून विचारणा झाली की गेल्या तीन वर्षांत किती पाळ्या रिकाम्या राहिल्या? मी वह्या काढल्या. एकही नाही! कागदावर वॉर्ड कधीच उघडा पडलेला नव्हता. आमच्या मुलींनी अंग झिजवून प्रत्येक भोक बुजवलं होतं, आणि बुजवलेलं भोक मोजता येत नाही. प्रस्ताव परत आला.

म्हणून तुला पहिलं काम हे सांगते. उद्यापासून रिलिव्हर आली नाही की रिपोर्ट बुकात लिही. भांडण नको, टोमणा नको, नुसतं सरळ: "इव्हिनिंगची रिलिव्हर उपलब्ध नसल्यामुळे मॉर्निंगची अधिपरिचारिका २ ते ८ पुढे कार्यरत. दाखल रुग्ण ५२, पैकी ऑक्सिजनवर ६. अधिपरिचारिका १. मेट्रन ऑफिसला २.१० ला कळवले." खाली सही. घरच्या डायरीत तारीख आणि तास उतरवून ठेव. पेशंटची नावं किंवा वहीचे फोटो मात्र घ्यायचे नाहीत. इन्चार्ज म्हणेल, हे कशाला लिहितेस. म्हणायचं, "सिस्टर, काही झालं तर दोघींना उपयोगी पडेल." हे खोटंही नाही. ५२ पेशंटमध्ये एकटीच्या हातून चूक झाली तर चौकशीत पहिला प्रश्न येतो की ड्युटीवर कोण होतं. किती जणी होत्या हा प्रश्न तुझ्या वहीतली ओळ नसेल तर कुणी विचारतच नाही. आणि सी-ऑफ अर्ज करून, तारीख टाकून, पोच घेऊन मागायचा.

चूक होते का? होते. पहाटे साडेचारला एकदा मी १२ नंबरचं इन्सुलिन घेऊन २१ नंबरच्या आजींपाशी उभी होते. दंडाला स्पिरिट लावलं तेव्हा आजी म्हणाल्या, "माय, मला कुठं साखर हाय?" मी ट्रे घेऊन ड्युटी रूममध्ये गेले आणि पाय लटपटायला लागले म्हणून खाली बसले. आदल्या दिवशी सकाळी सातला उठले होते, दुपारी घरी पाहुणे, डोळ्याला डोळा नाही. म्हणजे एकवीस तास जागी. ऑस्ट्रेलियातल्या ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ मध्ये मोजून दाखवलं की सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचा हात आणि डोकं इतकं मंदावतं, जणू रक्तात १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम अल्कोहोल आहे. २४ तास झाले की १००. आपल्याकडे ३० च्या वर गेलं की पोलीस गाडी अडवतात. दारू प्यायलेल्या नर्सला कुणी वॉर्डात उभं करणार नाही, झोप नसलेल्या नर्सचा सत्कार होतो.

पेशंट वाढले की काय होतं याचाही आकडा आहे. पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा लिंडा एकेन यांचा अभ्यास २००२ चा. एका नर्सकडे एक पेशंट वाढला की शस्त्रक्रियेनंतरच्या ३० दिवसांत पेशंट दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली आणि नर्सच्या बर्नआउटची २३ टक्क्यांनी. तिथे चार पेशंट विरुद्ध आठ पेशंट अशी तुलना चालली होती. आपण पन्नासाच्या गोष्टी करतोय.

डॉक्टरांचंही यात येतं, कारण रात्री तीनला तुझ्यावर ओरडणारा ज्युनिअर रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, कदाचित परवापासून घरी गेलेला नसतो. त्यांच्यासाठी ५ जून १९९२ चा केंद्राचा आदेश आहे: सलग बारा तासांच्या वर नाही, आठवड्याला साधारण ४८ तास, एक दिवस सुट्टी. फक्त त्यात 'साधारणपणे' आणि 'कामाच्या निकडीनुसार' असे शब्द आहेत, आणि गेली तीसेक वर्षं आदेश त्या दोन शब्दांवरच चाललाय. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिगटानं २०२४ मध्ये ७४ तासांची मर्यादा सुचवली, तीही रेसिडेंटना दिलासा वाटली, यावरून काय ते समज. तो ओरडला की त्याला चहा दे असं मी सांगणार नाही. पण ते मनाला लावून घरी नेऊ नकोस.

खासगीतल्या मुली हे वाचत असतील तर त्यांना एक वाक्य: तुमचं रुग्णालय राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात येत असेल तर ठरलेल्या तासांपुढच्या कामाला दुप्पट दरानं पैसे द्यावे लागतात, आणि बारा तासांची ड्युटी 'पॅकेजमध्येच आहे' हे उत्तर पगारपत्रकाशी ताडून बघा.

आता नाईटचं. आपल्याकडे रात्र बारा तासांची, आठ ते आठ, तिला काही करता येत नाही असं वाटतं. थोडं येतं. नाईटच्या दिवशी दुपारी दीड तास तरी झोपायचंच, आणि त्यासाठी घरात झोप जाहीर करायची, बाळंतिणीची करतात तशी. दार बंद, पडदा जाड, फोन दुसऱ्या खोलीत, सासूबाईंना स्पष्ट सांगायचं की अमुक वाजेपर्यंत मी घरात नाही. माझ्या सासूबाईंना हे पटायला सात वर्षं लागली. शेवटी त्याच शेजारणीला दारातून परत पाठवायच्या. पहाटे तीन ते पाच शरीर सगळ्यात मंद असतं, त्या वेळेत इन्सुलिन, पोटॅशियम, हेपॅरिन ही औषधं एकटीनं काढायची नाहीत. शिकाऊ मुलीला लेबल मोठ्यानं वाचायला लाव आणि पेशंटला नाव विचारायचं, नंबर नाही. जोडीदारीण असेल तर वीस मिनिटं आळीपाळीनं डोळे मिटा, मी अधिसेविका असताना त्याकडे मुद्दाम काणाडोळा करायचे. चहा-कॉफी रात्री दोननंतर बंद, नाहीतर सकाळी अंथरुणात टक्क जागी पडशील. आणि नाईटनंतर स्वतः स्कूटर चालवत जाऊ नकोस. रिक्षाचे पैसे लागतात, लागू देत.

लघवी दाबून ठेवू नकोस. हसशील, पण आपल्यातल्या निम्म्या जणींच्या कंबरदुखीचं, तापाचं आणि चिडचिडीचं मूळ सहा-सहा तास पाणी न पिण्यात असतं. वॉर्ड सोडता येत नाही म्हणून पाणीच प्यायचं नाही, हा आपला जुना शोध.

ध्यानाचं. कर, वाईट काहीच नाही, श्वास मोजल्यानं नाडी खाली येते. पण आमच्याकडे एकदा 'तणाव व्यवस्थापन' शिबिर लावलं होतं ते सकाळी दहाला, नाईट करून उतरलेल्या मुलींना हजेरी सक्तीची. वक्ते म्हणाले, डोळे मिटा आणि शांत ठिकाणाची कल्पना करा. निम्म्या मुली दोन मिनिटांत घोरायला लागल्या. मला ते त्या दिवसाचं सगळ्यात अचूक निदान वाटलं. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा झाला, रुग्णालयं अत्यावश्यक म्हणून त्यातून वगळली. ते योग्यच, पेशंट शनिवारी बरे होत नाहीत. पण ज्यांना वगळलं त्यांच्या वाट्याची माणसं तेवढी वाढवायला हवी होती, तिथे शिबिरं वाढली.

ज्या गोष्टीनं मला त्या वाईट वर्षातून बाहेर काढलं ती खूप लहान होती. एका सीनिअर सिस्टरनं सांगितलं, रोज ओव्हर देताना एका तरी पेशंटचं नाव घेऊन त्याच्याबद्दल औषधाव्यतिरिक्त एक गोष्ट सांगायची. "अकरा नंबर सखूबाई, त्यांचा नातू आज येणार आहे, दारावर सोडा." सुरुवातीला नाटक वाटायचं. पंधरा दिवसांनी नावं परत लक्षात राहायला लागली. हे ड्युटी लिस्टला पर्याय नाही, पण ५२ पैकी एकाशी माणसासारखं वागायला कुणाची मंजुरी लागत नाही.

नोकरी सोडू का? नाईटनंतर राजीनामा लिहायचा नाही, हा माझा नियम. डबल ड्युटीनंतर तर कागदच हातात घ्यायचा नाही. आधी पंधरा दिवस अर्जित रजा, लेखी अर्ज करून. नामंजूर झाली तर कारण लेखी माग. मूल लहान आहे, तर बालसंगोपन रजेचं आस्थापना शाखेत विचार. मूल १८ वर्षांचं होईपर्यंत नोकरीत एकूण १८० दिवसांची तरतूद आहे, पण अटी नीट वाचून घे. परत आल्यावर वॉर्ड बदलून माग. मेडिसिनला सहा वर्षं म्हणजे खूप झाली; लसीकरण, बाह्यरुग्ण, शस्त्रक्रियागृह, जिथे काम संपतं ते ठिकाण माग. मेडिसिन वॉर्डात काम कधी संपतच नाही, तिथलं अर्धं जळणं त्यातूनच येतं. हे सगळं करून सहा महिन्यांनीही ड्युटीच्या आदल्या रात्री तो दगड छातीत असेल, तर सोड. त्यात हार नाही, आणि 'सेवा सोडली' म्हणून कुणी ऐकवलं तर ऐकवू दे. पण तुझा नवरा एका रात्रीचं बघून सांगतोय. त्याला ती डायरी तीन महिन्यांनी दाखव, मग दोघं मिळून ठरवा. आणि तो म्हणतो नोकरी सोड, तर संध्याकाळचा स्वयंपाक तो करतो का, हेही त्याला माझ्या वतीनं विचार.

या आठवड्यात दोनच कामं. रिपोर्ट बुकात पहिली ओळ लिही. आणि हिमोग्लोबिन, थायरॉइड, बीपी तपासून घे. रोज दुसऱ्यांचं रक्त काढतेस, स्वतःचं शेवटचं कधी काढलंस? माझं हिमोग्लोबिन त्या वर्षी ८.२ निघालं होतं. तुझा रिपोर्ट आला की आकडा कळव.